पत आणि ऐपत

आमच्या महाविद्यालयात सेवकांची एक पतसंस्था आहे. जुन्या ग्रंथालयाच्या जिन्याखालची एक खोली, एक कपाट, एक टेबल आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारी येणारे एक निवृत्त लेखनिक, एवढाच तिचा पसारा. तिचा कर्जमागणी अर्ज पाठपोट एका कागदाचा आहे. सभासदाचे नाव, मूळ वेतन, चालू कपाती, मागणीची रक्कम, आणि मग एक रकाना : 'कर्जाचे कारण'. कागदाच्या पाठीमागे दोन जामीनदारांच्या सह्यांसाठी जागा सोडलेली आहे.

आम्ही दोघेही याच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक कायम नेमणुकीवर, दुसरी कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर. २०१२ साली घराचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी आम्ही या पतसंस्थेकडे पहिला अर्ज केला. जामीनदार म्हणून सही मागायला इतिहास विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, 'कशाला लागतात रे एवढे?' असे विचारले आणि सही न करताच तो खिशात घातला. रविवारी सकाळी ते घरी हजर झाले. चहा घेता घेता त्यांनी मान वर करून गळक्या कौलांकडे आणि भिंतीवर उतरलेल्या ओलीच्या नकाशाकडे पाहिले, 'एवढ्यात नाही भागायचं, पंचवीस हजार वाढवून माग' असे सांगितले आणि मग पेन काढले. त्या वेळी आम्हांला त्यांचा रागच आला होता. चार दिवस आपण कुणापुढे तरी हात पसरून उभे आहोत, ही भावना काही सुखाची नव्हती. आज मात्र तो रविवार वारंवार आठवतो, आणि तो का आठवतो हेच येथे सांगायचे आहे.

'पत' हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बाजारात ज्याला उधार मिळते त्याची पत असते, आणि चारचौघांत ज्याच्या शब्दाला किंमत असते त्याचीही पतच असते. पतपेढी, पतपुरवठा हे शब्द एका बाजूला. पत राखणे, पत जाणे हे वाक्प्रचार दुसऱ्या बाजूला. पैसा आणि मान यांसाठी भाषेने एकच शब्द ठेवला, याचे कारण उघड आहे. गावगाड्यात या दोन्ही गोष्टी एकाच माणसांच्या हाती असत. वाण्याच्या वहीत ज्याचे खाते चालू, त्याच्या घरची परिस्थिती वाण्याला पाठ. कर्ज देणारा, जामीन राहणारा आणि मान देणारा, तिघेही आपल्याला ओळखत. त्यामुळे ऐपत लपत नसे आणि फार फुगवताही येत नसे. या व्यवस्थेत पिळवणूक होती, अपमान होते, जातीची उतरंड तर होतीच. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण पत देणारा माणूस आपल्याला ओळखणारा असे, एवढी गोष्ट खरी.

आता आमची गोष्ट. २०१९ साली राज्यातील प्राध्यापकांना सातवा वेतन आयोग लागू झाला. त्याच वर्षी उन्हाळ्यात पुण्याला एका नातलगाच्या मुलीचे लग्न होते. आमच्याकडे तेव्हा एक जुनी, लहान चारचाकी होती. सेकंडहँड घेतलेली, दारावर एक ओरखडा असलेली, पण कधी रस्त्यात न थांबलेली. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी पांढऱ्या हातमोज्यांतला एक रखवालदार उभा होता. आमच्या पुढच्या मोठ्या गाडीला त्याने वाकून आत, मांडवाच्या कडेला घेतले. आमच्याकडे पाहून हाताने नुसतेच मागे दाखवले. मागे म्हणजे जेथे केटररचे टेम्पो उभे होते, त्या चिखलात. भरजरी साडी सावरत चिखलातून मांडवापर्यंत येताना आमच्यात एक शब्दही झाला नाही. तालुक्याच्या गावात ज्यांना अर्धा बाजार 'सर' आणि 'मॅडम' म्हणून नमस्कार करतो, त्या आम्हांला त्या फाटकावर पत नव्हती. रखवालदाराचा तरी काय दोष? तो आम्हांला ओळखत नव्हता. तो गाडीला ओळखत होता.

थॉरस्टीन व्हेब्लेन या अमेरिकी विचारवंताने १८९९ साली लिहिलेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. त्यात त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. दळणवळण वाढले आणि माणसे शहरांत वावरू लागली की त्यांच्यावर अशा असंख्य लोकांची नजर पडते, ज्यांच्याजवळ त्यांची योग्यता जोखण्याचे दुसरे साधनच नसते. मग ती दिसणाऱ्या वस्तूंवरून जोखली जाते. अनोळखी माणसाला आपण कोण हे एका दृष्टिक्षेपात कळावे, म्हणून वस्तूवर ठळक खूण लागते. त्या फाटकावरचा रखवालदार म्हणजे व्हेब्लेनचे ते प्रकरण हातमोजे घालून उभे होते.

लग्नाहून परतल्यावर तीन महिन्यांत आम्ही नवी गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितले तर पुन्हा तेच केल्यासारखे होईल. किंमत रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाख. दोन लाख हाती होते, नऊ लाखांचे कर्ज काढले. साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे, महिना १४,७१० रुपये. कर्ज मिळवायला कुणाच्या घरी जावे लागले नाही. कर्ज 'पूर्वमंजूर' असल्याचा अभिनंदनपर संदेश फोनवर आधीच येऊन पडला होता. 'कर्जाचे कारण' विचारायला रविवारी कुणी घरी आले नाही. चौऱ्याऐंशी हप्त्यांची बेरीज १२ लाख ३५ हजारांच्या पुढे जाते, म्हणजे नुसते व्याजच ३ लाख ३५ हजार, हा गुणाकार आम्ही तेव्हा केला नाही असे नव्हे. केला होता, आणि तो कागद घडी घालून ठेवून दिला होता. घर ते महाविद्यालय हे अंतर दीड किलोमीटर आहे.

गाडी आली तेव्हा कक्षात पेढे वाटले. सहकारी खाली येऊन गाडी पाहून गेले. तिच्या कर्जाविषयी मात्र आम्ही कुणाजवळ अवाक्षर काढले नाही. पूर्वी कर्ज चारचौघांना विचारून घ्यावे लागे. आता खरेदी चारचौघांत आणि कर्ज एकांतात, असा नवा शिष्टाचार रूढ झाला आहे.

या प्रसंगी नॅनोची आठवण होणे अपरिहार्य होते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी ती गाडी सादर केली तेव्हा तिच्यामागची प्रेरणा त्यांनी सांगितली होती. एकाच स्कूटरवर बसून पावसात जाणारे चौघांचे कुटुंब. एक लाखाची ती गाडी खरे तर आमच्यासारख्यांसाठीच होती. आमच्या एका सहकाऱ्याने ती घेतलीही. तेव्हा कक्षात झालेल्या थट्टेत आमचा आवाज बारीक नव्हता. गाडीच्या अपयशाची कारणे अनेक आहेत, पण 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून तिची ओळख झाली ही चूकच झाली, असे पुढे स्वतः टाटांनी बोलून दाखवले. स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर तर हवे होते, पण आपण स्वस्तात उतरलो हे गावाला कळायला नको होते. २०१८ नंतर ती गाडी बनणे जवळजवळ थांबले. आमचे ते सहकारी अजूनही तीच चालवतात. त्यांच्यावर कसलेही कर्ज नाही.

२०२० साल उजाडले. टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि तासिका तत्त्वावरचे आमचे अर्धे उत्पन्न थांबले. जेथे तासच नाहीत तेथे मानधन कसले! रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकता येत होते. आम्ही टाकले. हप्ते थांबले, व्याज थांबले नाही. मुदत पुढे सरकली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, आणि उंदरांनी तिच्या वायरी कुरतडल्या.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत अण्णांना श्वासाचा त्रास सुरू झाला. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि एकीचे सासरे. कागल तालुक्यातल्या एका खेड्यात आयुष्यभर प्राथमिक शिक्षक. त्यांना कोल्हापूरला नेले. अनामत म्हणून एक लाख रुपये भरायचे होते. दोघा प्राध्यापकांच्या खात्यांत मिळून चव्वेचाळीस हजार निघाले. अकरा लाखांची गाडी दवाखान्याच्या दारात उभी आणि आम्ही फोनवर एकामागून एक मित्रांची नावे सरकवत बसलेलो. अण्णांनी प्राणवायूची नळी बाजूला करून खुणेने त्यांची पिशवी मागितली. तिच्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली ठेवपावती होती. दोन लाखांची. ती रक्कम त्यांनी कशासाठी राखून ठेवली होती हे आम्हांला ठाऊक होते. आपल्या अंत्यविधीचा आणि तेराव्याचा खर्च मुलांवर पडू नये, असे ते नेहमी म्हणत. ती पावती मोडून आम्ही अनामत भरली.

अण्णा बरे झाले. घरी आल्यावर आम्ही मान खाली घालून गाडीचा विषय काढला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, 'आरं, त्याच गाडीतनं न्हेलं न्हवं मला? मागं आडवं पडाय जागा हुती. मग?' आमची लाज त्यांनी अशी एका वाक्यात झाकून टाकली. पण झाकलेली लाज विझत नाही. दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा उरलेल्या ठेवीतूनच त्यांचे सर्व झाले.

येथवर वाचून, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हा बोध आता येणार, असे वाचकांना वाटले असेल. आम्हीही तो बोध बरीच वर्षे सुखाने केला आहे, आणि एकदा त्याची किंमतही मोजली आहे. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी परीक्षा शुल्क दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मागायला आला होता. त्याच्या पायांत एका जगप्रसिद्ध कंपनीची खूण असलेले पांढरे बूट होते. आम्ही ते पाहिले, एकमेकांकडे पाहिले, आणि ती म्हण त्याला ऐकवली. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, 'सर, हे बाजारातले आहेत. साडेतीनशेचे. खरे असते तर सहा-सात हजाराचे.' आणि निघताना दारातून वळून म्हणाला, 'मॅडम, साध्या चपलेवर आलो की गेटवरच विचारतात, कुणाकडं काम आहे म्हणून. बुटावर विचारत नाहीत.'

त्याच्याही वाटेत एक फाटक होते. आमच्या फाटकावर आम्हांला एका दुपारचा चिखल मिळाला. तो रोज सकाळी आपल्याच महाविद्यालयात शिरताना तपासला जात होता. आम्ही अकरा लाखांना घेतले तेच त्याने साडेतीनशेत घेतले होते, आणि तेही कर्ज न काढता. दोघांत ऐपतीबाहेर कोण गेले होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, स्वच्छ कसे राहावे, याविषयी आवर्जून सांगितले होते. ज्या समाजात वेशावरून जात ओळखली जाते आणि जातीवरून वागणूक ठरते, तेथे नीटनेटका पोशाख हा डौल नसतो, दावा असतो. वर्गात हे शिकवताना आमचा आवाज भरून येतो. पण तो मुलगा समोर उभा राहिला तेव्हा आम्हांला फक्त त्याचे बूट दिसले. ज्यांना आडनावाबरोबर, उच्चारांबरोबर, घराण्याच्या ओळखींबरोबर पत वारशाने मिळते, त्यांनी साधेपणाचे कौतुक करणे सोपे असते. खादीचा मळका झोळा प्राध्यापकाच्या खांद्यावर व्यासंग ठरतो आणि त्या मुलाच्या खांद्यावर दारिद्र्य. म्हणूनच 'अंथरूण पाहून' ही म्हण उच्चारण्यापूर्वी, ज्याला सांगतो आहोत त्याच्या वाट्याला अंथरूण एवढेच का आले, हेही पाहिले पाहिजे. त्याचे शुल्क दोन हप्त्यांत घेतले गेले. आम्ही त्याची क्षमा मागितली की नाही? मागितली, पण वर्ष संपताना, आणि तीही अर्धवट विनोदाच्या सुरात.

तर मग प्रश्न खुणेचा नाही, ती कुणाच्या नजरेसाठी आणि कुणाच्या जिवावर घेतली हा आहे. अण्णा साधे राहत, पण त्यांनाही खुणेचा शौक होता. चप्पल ते कापशीचीच वापरत. बाभळीच्या साली-हिरड्याने कमावलेल्या चामड्याची, ठरलेल्या कारागिराकडून पायाचे माप देऊन शिवून घेतलेली आणि करकर वाजणारी. ती वाजली पाहिजे हा त्यांचा आग्रह असे. गल्लीच्या तोंडाशी करकर ऐकू आली की पोरे अभ्यासाला बसत. आम्ही गुरुजी आहोत, येत आहोत, हे ती चप्पल सांगे. म्हणजे तीही मिरवणेच झाले. फरक एवढाच की ती रोख पैशांत घेतलेली असे, दोन-तीन वर्षे चाले, आणि तिचा आवाज ज्यांच्या कानी पडे ते सगळे अण्णांना ओळखत असत. शिवणाऱ्याला अण्णा नावाने हाक मारत आणि तो त्यांच्या पायाचा मोडलेला अंगठा ओळखत असे.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने जवळपास हुबेहूब तशीच चप्पल मांडली आणि तिच्या उगमाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा कोल्हापुरात केवढा संताप उसळला हे सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्रानंतर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. बातम्यांत तिच्या चपलेची किंमत लाखाच्या पुढे सांगितली जात होती. आमच्या कक्षातही निषेधाच्या गप्पा रंगल्या. तेवढ्यात एकाने सहज विचारले, 'आपल्यापैकी कुणाच्या पायांत आहे?' टेबलाखाली आठ जोड होते. सगळ्यांवर कुठल्या ना कुठल्या कंपनीची खूण होती. कोल्हापुरी एकही नव्हती. तेच चामडे, तोच घाट. येथे शिवणाऱ्याला आपण घासाघीस करून पाचशे-हजार देतो आणि तिकडचे नाव लागले की लाखाला आश्चर्य वाटत नाही. मधले सगळे पैसे नजरेचे आहेत.

मुलगी यंदा बारावीला आहे. तिने महागड्या फोनचा हट्ट धरला तेव्हा दुकानदाराने 'बिनव्याजी हप्त्यां'चा तक्ता पुढे केला. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आजच्या 'नो कॉस्ट' योजनेत व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात आणि बँक ते व्याज हप्त्यांतून घेतच राहते. त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी येते. हे सगळे आम्ही तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे विचारले, 'बाबा, मग आपली गाडी?' त्या रात्री घडी घातलेला तो कागद आम्ही तिच्यापुढे उलगडला. ठेवपावतीची गोष्टही सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. तिने मधल्या किमतीचा फोन घेतला. रोखीने. पण पुढे महिनाभर मैत्रिणींसमोर ती तो दप्तरातून बाहेर काढत नव्हती, हेही आम्ही पाहिले. ऐपतीत राहण्याचीही एक किंमत असते आणि ती सतरा वर्षांच्या मुलीला भरावी लागते, हे मान्य केल्याशिवाय तिला उपदेश करण्यात अर्थ नाही.

असो. गेल्या दिवाळीपूर्वी कार्यालयातला एक तरुण लिपिक पतसंस्थेचा अर्ज घेऊन आमच्याकडे आला. जामीनदाराची सही हवी होती. 'कर्जाचे कारण' या रकान्यात त्याने 'घरगुती अडचण' असे लिहिले होते. आम्ही चहा मागवला आणि नेमके विचारले. तो लाजत म्हणाला की एका भारी नावाची मोटारसायकल घ्यायची आहे. आहे ती चालते, पण सासुरवाडीला जायला बरी दिसत नाही. आम्हांला ते फाटक आठवले, तो रविवारही आठवला. अर्जाच्याच मागे पेन्सिलीने त्याच्या पगाराचा, कपातींचा, आईच्या औषधांचा हिशोब मांडला. आमच्या गाडीचे आकडेही, आयुष्यात प्रथमच घराबाहेरच्या माणसाला, सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. 'रविवारी येतो घरी, तेव्हा सही करतो' असे आम्ही म्हणालो. तो 'बरं सर, बरं मॅडम' म्हणून अर्ज घेऊन गेला.

रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगणात हार घातलेली नवी गाडी उभी होती. त्याच्या आईने पेढा हातावर ठेवला. तो संकोचून म्हणाला, 'शोरूममध्येच झालं, सर. अर्ध्या तासात. सही लागली नाही कुणाची.'